कशावरून म्हणतेस?

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शेजारी आत्या-भाची बसलेल्या. आत्या शिक्षिका. आत भाचीच्या पप्पांचं ऑपरेशन चाललेलं. भाचीच्या मांडीवर पुस्तक.

“होडीवाला परत येणार.”

“कशावरून? धड्यातलं वाक्य दाखव.”

“हे बघ ना. ‘बायकोने दोन ताटं वाढली.’”

“बरोबर. पुढे वाच.”

“आत्या, पप्पा बरे होणार म्हणालीस. ते कशावरून?”

“वाच म्हटलं ना.”

“डॉक्टर म्हणाले?”

“नाही.”

“म्हणजे उगाच ठोकून दिलंस.”

“हो गं बाई.”

“माझ्याकडे आहे पुरावा. आत जाताना पप्पांनी चष्मा दिला. म्हणाले, पुसून ठेव, शुद्धीवर आलो की लगेच लागेल.”

“मग पुसलास?”

“अजून नाही.”

“मग बसलीयस काय? पूस लवकर.”