एकदा दाबलं की हो

नको, ते रेकॉर्डिंगचं यंत्र आत्ताच लावू नका, आधी माझं ऐकून घ्या — आणि त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इथे कॉटच्या कडेला बसा, अण्णांना चालतं. झोपलेले नाहीत ते. डोळे मिटून ऐकत असतात. ऐकू येतं सगळं, फक्त बोलणं गेलं — झटका आला त्यात उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर शब्द गेले, डॉक्टर म्हणाले येतील परत, किंवा नाही येणार. दादाने काय सांगितलं तुम्हा संग्रहालयवाल्यांना फोनवर? अण्णांनी अख्खी लढाई सांगितली आणि मी उतरवून घेतली, असंच ना? दादाचं काय, तो लांब राहतो, लांबून सगळं अख्खंच दिसतं.

मग कसं सांगितलं म्हणता — तेच तर सांगतेय. हात. डावा हात चांगला आहे अजून, पकड बघाल तर थक्क व्हाल, बंदूक धरलेला हात आहे. मी माझा हात त्यात द्यायचा आणि विचारायचं. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. लहान मुलं खेळतात ना, तू मनात एक प्राणी धर, मी ओळखते — तसं. आता अशी लढाई ओळखायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा. मला लढाईतलं काय ठाऊक, मी दवाखान्यांचे पडदे शिवणारी बाई. थंडी होती का — हो. डोंगर होता का — नाही. नदी — हो. पूल — हो. पूल आपला की त्यांचा — आता याला हो काय आणि नाही काय, म्हणजे परत पहिल्यापासून. मला जे सुचेल तेवढंच बाहेर येणार, आणि जे मला सुचणारच नाही ते तिथेच आत राहणार. कधीकधी असे बघायचे माझ्याकडे — की अगं, इथे नाही, याच्या शेजारी बघ, जरा शेजारी — आणि मला ते शेजारचं काही केल्या सापडायचं नाही. फार जीव तुटायचा हो.

आधी का नाही विचारलं? सगळे हेच म्हणतात. विचारलं की. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे. पायाला फोड कसे यायचे, ओले मोजे पोटाशी धरून कसे वाळवायचे, ते सांगायचे, हसून हसून सांगायचे. पुढचं विचारलं की म्हणायचे, सवडीने सांगू. आता झाली बघा सवड, दिवसभर सवडच सवड आहे आम्हा दोघांना.

तो स्वयंपाकी ना — येतेच तिथे. त्याच्यासाठीच आलात, ठाऊक आहे मला. आमच्याकडे अण्णांचा एक हट्ट होता, आईने आधी जेवायचं. जिने रांधलं तिने आधी. पाहुणे आले तरी तेच, आई बिचारी चोरून घास गिळायची. आणि ताटात कणभर टाकलेलं खपायचं नाही. एकदा दादाने ताट नुसतं सरकवलं, तर ओरडले नाहीत, काही नाही, उठून बाहेर गेले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. ते मला आठवलं, आणि मी विचारलं, अण्णा, तिथे जेवणाचं काही झालं होतं का? हो. जेवण पोचत नव्हतं? हो. मग कोणी आणलं, तुमच्या तुकडीच्या स्वयंपाक्याने? हो. वरून गोळ्या चालू असताना? हो. पाठीवर पातेलं बांधून? — आता पाठीवर पातेलं मला कुठून सुचलं देव जाणे — हो. लागलं त्याला? हो. गेला? हो. मग ते जेवण तुम्ही — खाल्लंत? आणि अण्णांनी हात दाबला तो सोडेचनात. डोळ्यांतून पाणी. म्हणजे, उजव्या डोळ्यातून पाणी त्यांच्या तसं दिवसभर येतंच, मी फडक्याने टिपत असते, पण त्या वेळी मला वाटलं हे रडणंच आहे. मीही रडले.

मग मी दादाला सांगितलं, दादाने तुमच्या संग्रहालयाला, आणि तुमच्याकडे खरंच त्या तुकडीचा एक स्वयंपाकी बेपत्ता निघाला. तुम्ही त्याची मुलगी शोधलीत, माझा नंबर दिलात तिला. फोन आला तिचा. माझ्याच वयाची असेल. म्हणाली, ताई, आम्हाला नुसतं बेपत्ता म्हणून कळवलं होतं, लोक म्हणायचे पळून गेला असेल, आई ते ऐकतच गेली. आता मी एकेकाला धरून सांगते, म्हणाली, माझे वडील जेवण पोचवून गेले. आणि म्हणाली, अण्णांच्या पाया पडते म्हणून सांगा. मी सांगितलं अण्णांना. त्यांनी हात दाबला.

आता ऐका, यासाठीच तुमचं यंत्र थांबवलं. गेल्या आठवड्यातली गोष्ट. पडदे द्यायचे होते, मी शिणले होते, एका हाताने कापडाच्या घड्या घालतेय, दुसरा हात अण्णांच्या हातात, आणि नुसती थट्टा म्हणून विचारलं — अण्णा, तिथे हत्ती होता का हो? एकदा दाबलं. मी हसले. तुम्ही बसलात हत्तीवर? हो. हत्ती पुलावरून गेला? हो. मग माझं हसू कुठल्या कुठे गेलं. सरळ बसले, म्हटलं, अण्णा, माझ्याकडे बघा, तो स्वयंपाकी जेवण घेऊन आला होता ना? हो. आणि मग — मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं — तो आलाच नव्हता ना? हो. दोन्हीला हो. उलट विचारलं, सुलट विचारलं, आवाज चढवून विचारलं, म्हाताऱ्या माणसावर ओरडले हो मी. हो, हो आणि हो.

सुरुवातीला नाही म्हणायचे ते. डोंगर नव्हता, स्वच्छ दोनदा दाबलं होतं. मग नाही म्हणायचं थांबलं कधी? स्वयंपाक्याच्या आधी की नंतर? डोकं फुटायची वेळ आली, आठवत नाही. डॉक्टर म्हणतात आणखी एखादा बारीक झटका येऊन गेला असेल. असेल. पण मला दुसरंच दिसतं. नाही म्हणाले की मी काय करायची? ओशाळून हात काढून घ्यायची, जाऊन मशीनवर बसायची. हो म्हणाले की पुढचा प्रश्न. म्हणजे हात तिथेच. बाकी कोण हात लावतं त्यांना? नर्सबाई येते ती हातमोजे घालून. कळलं असेल त्यांना. न कळायला काय झालं, माणूस पहिल्यापासून हुशार.

आता त्या बाईला मी काय सांगू? तुमचे वडील आणि आमचा हत्ती एकाच हातातून आले म्हणून सांगू? आणि खरं असेल तर? आईला आधी जेवायला बसवायचे ते काय उगाच? पण ते माझंच मन सांगतंय, अण्णा नव्हे. तुमच्याकडे काही उपाय असेल, अशी माणसं तुम्ही खूप बघितली असतील, म्हणून मी गप्प राहिले नाही. नाही ना? मला वाटलंच.

बरं, एकदा तुम्हीच विचारून बघा. माझ्या सवयीने दाबत असतील, परक्याला कदाचित खरं सांगतील. असा द्या हात, मोकळा सोडा. अण्णा, हे संग्रहालयातून आलेत, यांना नीट सांगा हं. — विचारा. मी नाही मध्ये बोलत. — विचारा ना. — काय झालं? दाबलं? अहो, पण तुम्ही अजून काही विचारलंच नाहीत. परत? एकदाच?

बरं. राहू द्या. काही विचारू नका आता. ते यंत्र पिशवीत घाला — नाही, नाही, एका हाताने घाला.