तारा कधी काढायच्या?

अरे, त्या शहाडच्या मायलेकींचं तुम्हाला सांगितलंच नाही मी! प्राजक्ता दोन वर्षं माझ्या डोंबिवलीच्या क्लिनिकमध्ये येत होती. दात मस्त सरळ झालेले. म्हटलं, "चल, आज तुझ्या तारा काढून टाकू."

तर तिने तोंडावर हातच ठेवला. "नको ना मॅडम! तारा निघाल्या की मुलगा बघायला येणार, बाबांनी ठरवून ठेवलंय. माझी सीएची फायनल आहे. अजून तीन महिने राहू दे ना, प्लीज!"

"अगं, घरच्यांना काय सांगू मी?"

तेवढ्यात तिची आई आत आली. तिने प्राजक्ताला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं, आता माझी काही खैर नाही.

"मॅडम, दात सरळ झालेत, ते मलाही दिसतंय," आई हळूच म्हणाली. "पण पोरगी आधी नोकरीला लागू दे. तिच्या बाबांना तुम्हीच फोन करून सांगा, अजून वर्षभर तरी लागेल म्हणून."

पोरीने बिचारीने तीनच महिने मागितलेले!