गेमवाल्यांच्या परिषदेत बादल बैल

...आणि पुन्हा टाळ्या! अजी, तुम्हाले सांगतो, दिवसभर टाळ्या वाजवू वाजवू माहे तळवे असे लाल झालते का बायकोले वाटलं, बुढा मेंदी काढून आला! कशाच्या टाळ्या? तं परिषदेच्या! कशाची परिषद? तं म्हणे व्हिडिओ गेमवाल्यांची आणि आपल्या इकडच्या धंदेवाल्यांची सोयरीक जुळवायची. आपल्या वर्धेत! मंगल कार्यालयात! आदल्या दिवशीच्या लग्नाचं थर्माकोलचं हृदय तसंच लटकून राह्यलं होतं, नवरा-नवरीच्या नावावर चिकटपट्टी मारली, वर बॅनर ठोकलं, 'गेमिंग-उद्योग संगम'... झाली परिषद. टाळ्या!

तुम्ही म्हणान, बापूराव, तू तळेगावचा वांगे-टमाटे लावणारा माणूस, तुले काऊन जा लागलं तिथी? पोट्टीसाठी! माही पोट्टी इला. कॉम्प्युटर शिकली आणि घरी बसून तिनं मोबाईलवरचा गेम बनवला, शंकरपटाचा. बैलजोड्यांची शर्यत! आणि त्यात आमचा बादल बैल, हुबेहूब, कपाळावरच्या भोवऱ्यासकट. बादल कोण म्हणता? अजी, पटात झेंडी पडली का हा सुटे, आणि झेंडी जमिनीले टेकायच्या आत तिकडं टाक्यावर पाणी पीत उभा राहे! खोटं वाटते? झेंडीले विचारा!

तं आमची यशोदा, पोट्टीची माय, तिनं बजावून ठेवलं होतं, "इला, या परिषदेत कोणी तुह्या बैलाले विचारलं तं ठीक. नाई तं सोमवारपासून नागपूरले कॉल सेंटरात. मामानं जागा पाहून ठेवली आहे, गुमान जाजो." पोट्टी रडली नाई, भांडली नाई, गोठ्यात जाऊन बादलच्या पाठीवर हात ठेवून उभी राह्यली. मले पाहवलं नाई बाप्पा! आणि पुण्याच्या मोठ्या गेम कंपनीच्या रीता मॅडम येणार, त्यांच्यासमोर इलाले गेम दाखवू देतो असं परिषदवाल्यांनी कबूल केलं होतं. म्हणून गेलतो. नाई तं मी कशाले मरायले जातो तिथी?

गेलो... आणि सत्कार सुरू! सूत्रसंचालन कोणाकडं, तं चंद्रभान सरांकडं. या माणसाले माईक देनं म्हणजे बैलाले हिरव्या शेतात सोडनं. "आजच्या या सोनेरी क्षणी, मी आपल्या लाडक्या अध्यक्षांना, कृष्णकांतभाऊंना विनंती करतो, की त्यांनी शाल आणि श्रीफळ स्वीकारून आम्हास उपकृत करावे... जोरदार टाळ्या!" अध्यक्षाचा झाला. मग पाहुण्यांचा झाला. मग ज्यानं पाहुण्यांचा केला त्याचा कोण करन? तं त्याचा! मंडपवाल्याचा, जेवणवाल्याचा, शाली आणून देणाऱ्याले शाल! शाली संपल्या, तं मागून हळूच काढून घेत आणि पुढं घालत. रीता मॅडमनं आपली शाल तिसऱ्याच माणसाच्या खांद्यावर ओळखली, अशी टक लावून पाहून राह्यली होती बिचारी! आणि नारळ? नारळ एकच! इतका फिरला, इतका फिरला, त्याले चक्कर आली असन. टाळ्या!

मधात मधात धंदेवाल्यांचे भाषणं. जिनिंगवाले शेटजी उठले, "मले गेममधलं काई समजत नाई. माहा नातू दिवसभर मोबाईल सोडत नाई, तं तो मोबाईल बंद पडन असं काई तुमच्या कंपनीले बनवता येते का मॅडम?" टाळ्या! टाइल्सवाला म्हणे, "तुमच्या गेमातल्या घराईले आमच्या टाइल्स लावा, संडासापासून सुरू करू." टाळ्या! असा हा संगम! गेमवाले खाली मान घालून आपसात मोबाईल खेळून राह्यले होते, तेवढाच काय तो गेमिंगचा भाग!

जेवणाच्या आधी इलाचा नंबर होता. जेवण झालं. गुलाबजाम झाले. सुपारी झाली. आणि चंद्रभान सर गोड आवाजात म्हणतात, "वेळेअभावी कुमारी इला यांचं सादरीकरण आपण पुढील वर्षी घेऊ... मात्र त्यांचा सत्कार आत्ताच!"

घातली शाल. पोट्टी खाली येऊन बाजूले बसली, शालीची घडी केली आणि हळूच म्हणते, "बाबा, सोमवारची नागपूरची पहिली गाडी कधी असते?"

बस्स! डोस्कं सरकलं माहं! पण करा काय? भाषण मागितलं तं वेळ नाई, गेम दाखवतो म्हटलं तं वेळ नाई. मग ध्यानात आलं, या मांडवात एका गोष्टीले कोणीच नाई म्हणत नाई! गेलो चंद्रभान सरांकडं. म्हटलं, "सर, तळेगाव पटशौकीन मंडळाकडून मॅडमचा सत्कार राह्यला ना!"

"अरेरे! मंडळ कधी स्थापन झालं?"

"आत्ताच."

"वा! या, या, या!"

अध्यक्ष भाषण करून राह्यले होते, त्याईलेसुद्धा मधात थांबवलं, सत्कारासाठी! इलाचीच शाल उचलली, खाली तिचा मोबाईल ठेवला गेम चालू करून, आणि शाल-मोबाईल दोन्ही मॅडमच्या हाती! मॅडमचं बोट लागलं काचेले... आणि बादल सुटला! गेमात हाकारे माह्याच आवाजातले आहेत बरं का, "हुर्रर्र हो हो हो, चाल माह्या राजा!" आणि समोर माईक! साऱ्या कार्यालयात आवाज! झोपलेले धंदेवाले उठले, आचारी झारे घेऊन बाहेर आले, थर्माकोलचं हृदय खाली पडलं! अध्यक्ष भाषण सोडून मॅडमच्या खांद्यावरून वाकले, "उजव्या अंगानं घ्या मॅडम, उजव्या अंगानं!" आणि पोट्टी? पोट्टी व्यासपीठावर चढून मॅडमले सांगून राह्यली, इथी दाबा, तिथी सोडा. जिंदगीत पहिल्यांदा मनापासून टाळ्या वाजवल्या मी!

मॅडमनं इलाले जवळ बसवलं. म्हणाल्या, "तुझं काम फार सुंदर आहे. आम्ही तुला घेतो." माह्या डोळ्यात पाणी! मग म्हणतात, "फक्त शर्यत नको. पळायचे गेम आमच्याकडे खूप आहेत. पण आज सकाळपासून इथे जे चाललंय ना... हे जगात कुठेच नाही! तू याचा गेम बनव."

अजी, सत्काराचा! खुर्चीवर बसून राहायचं, वरून शाली पडतात, नारळ चुकवायचे, प्रास्ताविक सुरू झालं का डुलकी येते, आणि जो शेवटपर्यंत जागा राह्यला तो जिंकला. कॉल सेंटर टळलं, यशोदानं गल्लीत पेढे वाटले, चंद्रभान सर स्वतःचा आवाज द्यायले फुकटात तयार झाले.

बादल? आहे ना गेमात. प्रमुख पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसवला आहे, गळ्यात हार, अंगावर शाल, पळायचं कामच नाई!

आणि खाली पहिल्या रांगेत जो मिशीवाला बुढा बसला आहे, त्याले पोट्टीनं माहं तोंड दिलं. तुम्ही कुठीही बोट लावा, तो टाळ्या वाजवते. थांबवायचं बटन कुठी आहे म्हणून विचारलं, तं म्हणते, "बाबा, त्या परिषदेत तरी कुठी होतं?"