नायिकेची आई

नाही गं, तिथंच तुझं चुकतंय — 'तू' म्हटलं तर चालेल ना? माझ्या मुलीच्याच वयाची दिसतेस — हे बघ, प्रेमकथेत रहस्य घालायचं तर तुझ्या या पानांतला हा असला, गालावर व्रण असलेला, सिगारेट ओढत डोळे बारीक करणारा खलनायक काही कामाचा नाही. त्याला बघून गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकेल, मग नायिका काय आंधळी आहे त्याच्या प्रेमात पडायला? माणूस खरा वाटायला हवा ना! मी कसं करते सांगू? माझी एवढी पुस्तकं खपली ती काय उगाच? मी त्याला आधी चांगला करते. अगदी मनापासून चांगला. नायिकेच्या वडिलांच्या चष्म्याची काडी बसवून आणणारा, न सांगता गळका नळ दुरुस्त करणारा — वाचणारीला वाटलं पाहिजे, मला का नाही मिळाला असा! — आणि मग नायिकेची एकेक गोष्ट काढून घ्यायची. हळूच. तीसुद्धा काळजीपोटी. 'दमतेस तू, मी सोडत जाईन' — गेली स्कूटर. 'ती तुझी मैत्रीण जळते तुझ्यावर' — गेली मैत्रीण. 'आपल्यात काय लपवायचं?' — फोन त्याच्या हातात. कुठं हात उगारला? कुठं आवाज चढवला? काही नाही. फक्त ती हसायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघायला लागते. बस, एवढं लिहिलं की वाचणारी पुस्तक खाली ठेवत नाही.

चहा घे, गार होतोय. — हे? हे कुठल्या पुस्तकात आहे म्हणतेस? नाही... ते हसण्याचं अजून लिहिलेलं नाही. ते घरात बघितलं. आमची मुलगी. हसायची म्हणजे काय, खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे — आणि परवा जेवताना तिच्या बाबांनी विनोद केला, नेहमीचाच, शिळा — तर हिनं आधी शेजारी बसलेल्या आमच्या होणाऱ्या जावयाकडे बघितलं. तो हसला, मग ही हसली. माझा घास हातातच राहिला. रविवारी लग्न आहे त्यांचं.

बोलले की! गप्प बसणारी आहे का मी? म्हटलं, बाई गं, थोडं थांब. तर म्हणाली, 'आई, तुला भाजीवालासुद्धा खुनी वाटतो.' वाटतो ना — धंदाच आहे तो माझा! हिचे बाबा म्हणतात, सोन्यासारखा मुलगा आहे, आणि तो आहेही गं, माझी बीपीची गोळी माझ्याआधी त्याला आठवते. पुरावा काय दाखवू? ती गोळी दाखवू? आणि हिनं जाऊन सगळं त्यालाच सांगितलं. मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. आला, शेजारी बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, 'आई, पुढच्या पुस्तकात मला घ्या हं.' सगळे हसले. मीही हसले — मेली, मीही हसले!

पुस्तकात तो कोण ते मी ठरवते. इथं मला ठाऊकच नाही. कदाचित साधा, प्रेमळ पोरगा असेल, आणि मीच... काय म्हणालीस? पुस्तकात नायिकेची आई काय करते? — नसतेच. तिला मी पहिल्या पानाच्या आधीच मारून टाकते, प्रत्येक पुस्तकात. अपघातात नाहीतर आजारपणात. आईला दिसतं ना सगळं. ती जिवंत ठेवली तर तिसऱ्या प्रकरणात गोष्ट संपते, असं तुझ्यासारख्या सगळ्यांना शिकवत आले मी. संपते कुठली! ही बघ, आहे की जिवंत, दिसतंय की सगळं — आणि गोष्ट चाललीच आहे पुढं. आईनं काय करायचं ते मला लिहिताच येत नाही गं, कधी लिहिलंच नाही.

एक विचारू? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. तुझं असंच कुणावर मन बसलंय, आणि तुझी आई अशी समोर बसून, हात जोडून सांगतेय — ऐकशील?

...

अगं, 'नाही' म्हणून मान हलवायच्या आधी निदान थोडा विचार तरी करायचास.

नाही, राग नाही आला. ने ती तुझी पानं. ये तू आता.