डाळीचा रिपोर्ट

तपासणी केंद्राच्या बाकावर शिंपीकाका आपल्या रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टची वाट बघत होते. शेजारी बसल्या होत्या खेड्यातल्या शाळेत जेवण रांधणाऱ्या मावशी आणि देणगीवर ते जेवण चालवणाऱ्या ताई. ताईंच्या हातात शाळेतल्या अन्नपाण्याच्या तपासणीचा नुकताच मिळालेला कागद होता. दोघींचं बोलणं काकांच्या कानावर पडत होतं.

"ताई, एकदाचं सांगून टाका. माझ्या डाळीनंच पोरांना उलट्या झाल्या ना?"

"नाही हो मावशी! डाळ, भात, शिजलेलं सगळं चांगलं होतं. दोष निघाला पिण्याच्या पाण्याच्या टाकीत."

"पुन्हा वाचा."

"दोनदा वाचलं. आत्ताच बाहेर जाऊन देणगीदारांनाही फोनवर कळवलं. टाकी धुऊन घ्या आणि जेवण सुरू करा, म्हणाले."

"चार दिवस घरी चूल पेटवली नाही मी. नातवाला जावेकडे जेवायला धाडत होते. माझ्या हातचं कुणी खाऊच नये, असं वाटायचं."

"आणि तुम्ही काय खात होतात?"

"घास उतरायला नको का?"

"रडू नका हो. पोरं बरी झालीत, कालपासून अंगणात नुसती हुंदडताहेत."

"रडतेय कुठं? सुटल्यासारखं झालं, एवढंच."

"चला, आधी चार घास खाऊन घ्या."

"खाईन हो. आधी शाळेत फोन लावा. उद्या ताटं घेऊन या म्हणावं पोरांना."