अंड्याचा व्हिडिओ

कमलबाई : टाचा टेकू दे गं शिवकन्या. काखेत धरून उचलू नको ईश्वरीला.

शिवकन्या : टेकल्यात की बाई. किती आली?

कमलबाई : सत्त्याहत्तर.

शिवकन्या : परत मोजा.

कमलबाई : दोनदा मोजली. सव्वादोन वर्षांच्या पोरीला लय कमी हाय ही उंची. मधी चांगली वाढायली होती की. शेजारच्या धम्मशीलाच्या घरी नेऊन रोज अंडं चारतीस ना हिला?

शिवकन्या : बंद हाय. दोन महिने झाले.

कमलबाई : अन् मला अंगणवाडीत येऊन कुणी सांगायचं?

शिवकन्या : तुमाला काय सांगू? तुमच्याच व्हिडिओनं बंद झालं.

कमलबाई : कोणत्या?

शिवकन्या : ईश्वरी अंडं खायलीय अन् मी मागून बोलायलेय, तो. तुमी गावच्या ग्रुपवर टाकलेला.

कमलबाई : वरून मागितला होता गं, पोषणाच्या मोहिमेसाठी. सात-आठ जणींनी तो बघून लेकरांना अंडी सुरू केली.

शिवकन्या : आमच्या मामंजींनी बी बघितला. देवळात, भजनाला बसले होते तवा. चार पिढ्यांची माळ हाय घरात. रागावले असते तर बरं झालं असतं. 'नातीला चोरून खाऊ घातलं' एवढंच म्हणले, अन् दोन दिवस जेवले न्हाईत. तवापासून धम्मशीलाकाकूच्या दारात जाऊ देत न्हाईत.

कमलबाई : मग दूध दे. घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट.

शिवकन्या : दूध डेअरीला जातंय. वरण ती थुंकती. सगळं पाठ हाय बाई मला, पोषणाचे व्हिडिओ रोज बघते. त्या व्हिडिओंत आई सांगती अन् घरचे माना डोलावतेत. आमच्या घरात मला कोण इचारतंय?

कमलबाई : नवऱ्याला सांग की.

शिवकन्या : ते पुण्याला, कंपनीत. सगळे व्हिडिओ पाठवते त्येंला. अंगठा दाखवतेत.

कमलबाई : मी बोलू का तुझ्या सासऱ्यांशी, बन्सीधरमामांशी?

शिवकन्या : नका. परत उपाशी बसतील. सत्तरीचं माणूस, काही झालं तर माझ्याच नावावर यायचं.

कमलबाई : माझंच चुकलं. तुला विचारून टाकायला पाहिजे होता. थांब, आत्ताच काढून टाकते.

शिवकन्या : काढू नका. तोच लावून जेवू घालते तिला.

कमलबाई : तो कशाला?

शिवकन्या : त्यात अंडं आलं की आ करती ती. तेवढ्यात भाकरीचा घास घालते तोंडात.