राजीनाम्याचा सराव

—नाही, नाही, त्या खुर्चीत नको गं, ती देणगीदारांची. तू इकडे बस, नेहमीच्या जागी, खिडकीपाशी. हसू नकोस, शिस्त म्हणजे शिस्त. संस्था चालवणारी माणसं या खुर्चीत, पैसे देणारी माणसं त्या खुर्चीत, आणि इकडे बोललेलं तिकडे जात नाही — बावीस वर्षं या खोलीत हाच एक नियम पाळलाय मी. चहा? नको? बरं, मग मी घेते. आज मंगळवार ना? आपलं तर गुरुवारचं ठरलेलं. सकाळी फोनवर तुझा आवाज ऐकला आणि म्हटलं, हिचं काहीतरी घोडं अडलंय. पण मी विचारणार नाही हां. आमच्या कामातला पहिला धडाच तो — समोरच्याला बोलू द्यायचं, आपण फक्त ऐकायचं. पन्नास मिनिटांतली पंचेचाळीस तुझी, पाच माझी. लोकांना वाटतं, सल्लागार म्हणजे सल्ले देणारी बाई. छे! मी आयुष्यात एकदाच सल्ला दिला, धाकट्या जावेला, पडद्यांच्या रंगाबद्दल. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. तेव्हापासून मी फक्त प्रश्न विचारते. तर बोल. मी गप्प. बघ, गप्प बसले.

काय, पत्र आलंय? कुणाचं — पंपवाल्यांचं? दाखव. नाही, राहू दे, तूच वाच, चष्मा आत राहिलाय माझा. हं. हं. 'संस्थेच्या नेतृत्वाबाबत स्पष्टता येईपर्यंत पुढील वर्षाचे साहाय्य स्थगित ठेवीत आहोत.' अगंबाई! असं लिहिलंय? आणि मी तुमची दोघांची गाठ घालून दिलेली! पहिल्या दिवशी तुझ्या गाडीत बसून आले होते ना ते, त्या डायलिसिसवाल्या आजोबांच्या शेजारी, आणि उतरल्यावर मला म्हणाले होते, पंप विकून विकून म्हातारा झालो, पण असं समाधान नाही मिळालं कधी. असा माणूस पाठ फिरवेल का? नाही ना? बघ, पुढे ते म्हणतातच की, 'आपल्या कार्याविषयीचा आमचा आदर तसूभरही कमी झालेला नाही' — काय झालं? थांबलीस का? अजून तिथपर्यंत वाचलं नव्हतंस? अगं, मग त्यात काय, अशा पत्रांचा शेवट ठरलेलाच असतो. नाही म्हणायचं असलं की आदर आलाच. 'तसूभरही'? हो, तसूभर. असतो तो शब्द. लोक वापरतात. बरं, सगळे नाही वापरत. मी वापरते.

बरं बाई, मीच लिहिलं. अशी बघू नकोस माझ्याकडे. त्यांची सगळी पत्रं मीच लिहिते, आज नाही, गेली नऊ वर्षं. ते सांगतात, मी शब्द देते. देणाऱ्याला सल्ला देणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे, हे मी तुझ्यापासून कधी लपवलंय का? म्हणूनच तर दोन खुर्च्या. आणि तुला सांगते, त्यांना आधी सरळ 'बंद' असं लिहायचं होतं, 'स्थगित' मी घातलं. भांडून घातलं. म्हणजे एका अर्थी तुझ्या बाजूनेच — हो, हो, कळतंय मला. पुढच्या महिन्यापासून अकरातल्या सात गाड्या उभ्या राहतील. एकटी राहणारी म्हातारी माणसं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जिने उतरवायला माणूस नाही, टॅक्सी परवडत नाही. मला नको सांगूस, मीच ते सगळं त्यांना समजावलं होतं गेल्या वर्षी, रडू आलं होतं मला समजावताना.

त्यांना कुणी सांगितलं? काय कुणी सांगितलं? तू जाणार हे? अगं, एवढ्याशा गावात — म्हणजे गाव मोठं आहे, पण आपली सेवाभावी मंडळी म्हणजे चार टाळकी, कुणीतरी कुठेतरी बोललं असेल. तुझ्या हिशेबनिसाला विचार. त्याला माहीत नाही? नवऱ्यालाही नाही? कुणालाच — फक्त मला?

हं. चहा गार झाला बघ.

आता मी सांगते ते नीट ऐक, मधे बोलू नकोस. तो सराव आठवतो ना? दीड महिन्यापूर्वी, तू इथेच बसली होतीस, तीन रात्रींची झोप नाही, एक ड्रायव्हर सोडून गेलेला, आणि म्हणालीस, मला आता जमत नाही. मी म्हटलं, छान, मग राजीनामा लिही. सगळ्यांकडून लिहून घेते मी, नवीन नाही त्यात काही. तारीख घालायची नाही, सही करायची, अर्धा तास. गंमत अशी की माणूस जायचं म्हणून लिहायला बसतो आणि लिहिता लिहिता त्याला कळतं की आपला जीव कशात अडकलाय. कपाटात चाळीस-एक पत्रं आहेत माझ्या, त्यातले खरोखर सोडून गेले किती? दोघं. आणि त्यातल्या एकाचं लग्न ठरलं होतं. तर सांगायचं हे की पत्र खोटं असतं, हे मला माहीत, तुला माहीत.

पण तुझं पत्र फार सुंदर होतं गं. शपथेवर सांगते, इतक्या वर्षांत असं कुणी लिहिलं नाही मला. ते निवृत्त शिंपी, डायलिसिसला जाताना इस्त्रीचा शर्ट घालतात, कारण 'न्यायला कुणीतरी येतं' — आणि ती बाई ड्रायव्हरसाठी रुमालात दोन बिस्किटं बांधून आणते — आणि तू लिहिलं होतंस, सकाळी सहाचा फोन कोण उचलतं हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण तो मीच उचलते. मी ते पत्र तीनदा वाचलं. आणि मग... मग पंपवाल्यांकडे गेले होते, महिन्याची भेट असते ना आमची, तेव्हा पर्समध्ये घेऊन गेले. का म्हणजे काय, सहज! तुझं कौतुक करायला! वाचून दाखवलं त्यांना. अर्थात मोठ्याने. हातवारे करून नाही, पण जरा भावना घालून.

आता तू म्हणशील, मग सरावाचं पत्र आहे हे का नाही सांगितलं. सांगणारच होते. पण तू त्यांचा भाचा पाहिला आहेस का? आता तोही बसतो भेटीला. मांडीवर टॅब्लेट, त्यावर रंगीबेरंगी खांब, कुठल्या संस्थेने एका रुपयात किती भलं केलं ते मोजतो. मला 'मॅडम' म्हणतो, उठून दार उघडतो, अगदी गोड मुलगा. आणि गेल्या चार भेटींत, तुला सांगते, मी बोलले आणि पंपवाले त्याच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षं माझ्याकडे बघायचे. मी निघताना एकदा म्हणाले, 'तुम्ही फार थकता हो आता, दर महिन्याला कशाला येता.' म्हणजे काय ते कळतं गं बाईमाणसाला. घरी येऊन रडले मी, जेवले नाही. आणि त्या दिवशी तुझं पत्र वाचलं, तर त्यांनी कप खाली ठेवला. पूर्ण वेळ माझ्याकडे बघितलं. भाच्याने तो टॅब्लेट पालथा घातला, पालथा! आणि पंपवाले म्हणाले, 'म्हणजे ती जाणार? हे तुम्हालाच कळू शकतं.'

काय म्हणायला हवं होतं? अहो नाही, हा नुसता सराव — एवढंच. पाच शब्द. मी म्हटलं, 'बघू या.' आणि गंभीर चेहरा केला.

तू लिहिलंस ना पण! सही तुझी, अक्षर तुझं! तेव्हा तर खरंच जावंसं वाटत होतं ना तुला? थोडं तरी? मग मी अगदीच धादांत — नाही. नाही गं. खोटंच होतं ते. मला त्या क्षणी ठाऊक होतं. त्यांचं हे पत्र लिहायला बसले तेव्हाही ठाऊक होतं. आणि 'स्थगित'साठी भांडले म्हणाले ना मगाशी, भांडले-बिंडले काही नाही. त्यांनी विचारलं, काय शब्द घालू या, आणि मी सुचवला. माझी लाज वाटते मला. आता तरी काहीतरी बोल ना. शिव्या घाल. इतके महिने मी बोलतेय आणि तू बसतेस, आज एक दिवस तरी —

फोन? त्यांना? आत्ता? अगं, ही त्यांची पडायची वेळ. आणि फोनवर नाही सांगता येत या गोष्टी, समोरासमोर बसून, जरा वातावरण तयार करून... पुढच्या महिन्यात मी जातेच आहे, तेव्हा हळूच — हो. पुढच्या महिन्यात गाड्या उभ्या राहतील. माहीत आहे. सारखं सांगू नकोस, माहीत आहे मला. हे संपलं तर माझ्याकडे काय राहतं, याचा विचार केला आहेस का तू? देणाऱ्यांपैकी ते एकच उरलेत. ती खुर्ची आठ महिने रिकामी आहे, मी रोज पुसते नुसती.

दे. माझा फोन दे तो, टेबलावरचा. नंबर आहे. नको, मी लावते.

हॅलो. हो, मीच. झोपला होतात का? नाही, तब्येत बरी आहे. एक सांगायचं होतं. ते राजीनाम्याचं पत्र खरं नव्हतं. मी लिहून घेतलं होतं तिच्याकडून, सराव म्हणून. ती कुठेही जात नाहीये. — हो. — हो, मला माहीत होतं. — त्याच दिवशी. — कारण तुम्ही ऐकत होतात. — नाही, दुसरं कारण नाही. — बरं. — बरं. भाच्याकडे द्या कागद, तो बघेल. माझी फाइल मी पाठवून देते. — हो. तुम्हीही जपा. ठेवते.

झालं.

तुला उद्या सकाळी फोन करतील. देतील का ते नाही सांगितलं, बोलतो म्हणाले. तुझ्याशीच, थेट. 'मधे तुम्ही नको,' म्हणाले.

नको, हात नको धरूस. ऊठ तू. चारची फेरी सुटायची असेल तुझी, माणसं दवाखान्याच्या पायरीवर बसली असतील. गुरुवारी येऊ नकोस. नाही, रागावले नाहीये, पण कुणाचं ऐकायच्या लायकीची नाही मी सध्या. आणि हे बघ, उद्या फोनवर त्यांना आधी त्या शिंप्याचं —

नाही. काही नाही. तू बोल तुझं. जा.